दारातला पंच

ताईच्या घराला दाराशी एक पायरी होती. रोज संध्याकाळी ती त्या पायरीवर उभी असे. भाऊजी कचेरीतून आले की पुढे होऊन त्यांच्या हातातली छत्री घेई, मग डोक्यावरची टोपी घेई. पाहणाऱ्याला ते नवऱ्याचे कौतुक वाटले असते. तिला टोपी नको असे, वास हवा असे. टोपी काढून घेताना जेवढे जवळ जावे लागते तेवढ्यात तिचे काम होऊन जाई. दारूचा वास आला नाही तर ती म्हणे, "चहा ठेवते." आला तर काहीच म्हणत नसे. ओटीवर पेपर वाचत बसलेल्या मला त्या दिवशीचा निकाल चहावरून कळे.

भाऊजी सरकारी कचेरीत कारकून होते. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला होता, पण दारूबंदीचा कायदा होता तसाच चालू होता. दारू गाळणे, विकणे, बाळगणे हे गुन्हे होतेच; परवान्याशिवाय पिणे हाही गुन्हा होता. परवाना मिळत असे, मात्र त्यासाठी डॉक्टरने लिहून द्यावे लागे की या इसमाचे दारूवाचून चालत नाही. सरकारी कारकुनाने ही गोष्ट सरकारलाच लेखी कशी कळवायची? म्हणून भाऊजी परवान्याशिवाय पीत. खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागत आणि तिथला माल रबरी ट्यूबांत भरून गावात येई. खटल्यात नाव आले की निलंबन होई, शिक्षा झाली की नोकरी संपे. घरात दोन मुली होत्या, म्हातारी सासू होती. ताईला दारूची जेवढी धास्ती होती तेवढीच पोलीस जमादाराची होती.

मी मुंबईच्या एका दैनिकात काही वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्याचे काम केले होते आणि आता पनवेलला, ताईच्या घराजवळ, राहून त्याच दैनिकाचा वार्ताहर म्हणून काम पाहत होतो. कोर्टाच्या दिवशी कोर्टात बसणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. तिथे चालणाऱ्या खटल्यांत दारूबंदीचेच खटले जास्त असत. भाऊजींचे नाव कोर्टाच्या पट्टेवाल्याच्या आवाजात पुकारले जाईल तेव्हा आपण कुठे बघायचे, याचा विचार मी अनेकदा केला होता.

दारू सोडणाऱ्यांच्या एका बैठकीचा पत्ता ताईला मासळीवालीकडून लागला. उरणकडच्या खाडीवरून येणारी ही कोळीण दारात टोपली उतरवून बसली असताना आपणहून म्हणाली, "बाय, माजा दादला आता पीत नाय."

"नवस केलास?" ताईने विचारले.

"नवस केले तवा दुप्पट प्याला. आता रविवारचा चाकवाल्याकडं जातो. तिथं बसतात पाच-सात जणं."

"बसून काय करतात?"

"बोलतात."

"नुसतं बोलून दारू सुटते?"

"ते मना काय ठाव? आदी पिऊन बोलायचा, आता न पिता बोलतो. पर तिथंच बोलून येतो, तवा माझं कान रिकामं."

ताईने पापलेट न घेता बोंबील घेतले आणि संध्याकाळी मला म्हणाली, "जाऊन बघ. खरं आहे का, आणि कोण आहेत. ह्यांना आत्ता काही बोलू नकोस."

मी चौकशीला लागलो. पनवेलमध्ये तेव्हा बैलगाड्यांची चाके करणारे बरेच कारखाने होते. त्यातला हा कारखाना बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेवटी होता. एसटीच्या थांब्याजवळच्या हॉटेलात विचारले तेव्हा मालक म्हणाला, भजनी मंडळ असावे. टाळ-मृदंगाचा आवाज मात्र त्याने कधी ऐकला नव्हता. भाताच्या गिरणीतला मुनीम म्हणाला, पत्ते खेळत असतील. माझी दाढी करणाऱ्याने आवाज खाली आणून सांगितले की ते लाल बावट्याचे लोक आहेत. तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. आमच्या दैनिकात अशा वेळी बातमी थांबवून ठेवत. रविवारी ऊन उतरल्यावर मी स्वतः गेलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब पडवी होती आणि तिच्यामागे एक खोली. पडवीत बाभळीचे ओंडके पडले होते. अर्धवट झालेली चाके भिंतीला टेकवून ठेवली होती. चाकावर लोखंडी धाव चढवण्यासाठी जिथे जाळ करतात ती जागा राखेने काळी झाली होती. खोलीच्या दारात, उंबऱ्यावर, बाहेर तोंड करून एक माणूस बसला होता. आत जाणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे वाकत होता आणि अगदी चेहऱ्याजवळ जाऊन "आलो" म्हणत होता. तो म्हणत होता, "जा."

माझी पाळी आली तेव्हा आतून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले हे कोकणी मुसलमान खलाशी. सगळे त्यांना चाचा म्हणत. अशा बैठका त्यांनी आधी परदेशी बंदरांत पाहिल्या होत्या, मग मुंबईत. मुंबईत त्या इंग्रजीत चालत. पनवेलला त्यांनी त्या मराठीत सुरू केल्या. हे सगळे मला पुढे कळले. त्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, "साहेब पेपरवाले ना?"

"हो."

"पिता?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग तुमचं इथं काय काम?"

मी म्हणालो, नात्यातल्या एका माणसासाठी चौकशीला आलो आहे. चाचांचा विश्वास बसलेला दिसला नाही. "इथं गुन्हा कबूल करायला कोणी येत नाही, साहेब. फक्त आपला हाल सांगायचा. ज्याला हाल नाही त्याला आत जागा नाही. बाहेर बसा हवं तर. ह्याच्याजवळ बसा." त्यांनी दारातल्या माणसाकडे बोट दाखवले.

मी ओंडक्यावर बसलो आणि त्या माणसाकडे नीट पाहिले. उजव्या भुवईवर जुनी खोक होती. अंगात कोपरीवर शर्ट, पायांना मिठागरातल्या माणसांच्या पायांना असतात तशा भेगा. मी त्याला ओळखले, आणि ओळखल्याचे चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

कोर्टात मी त्याला कितीतरी वेळा पाहिले होते. तो दारूबंदीच्या खटल्यांतला पंच होता. छापा घातला किंवा पिणारा पकडला की पोलिसांना दोन त्रयस्थ माणसे लागत. ती सगळे पाहून पंचनाम्यावर सही करत आणि पुढे कोर्टात येऊन तसे सांगत. हे काम कोणालाच नको असे. एक सही केली की वर्षभर तारखांना यावे लागे, मजुरी बुडे आणि गावात वैर होई. म्हणून जमादार रस्त्याने येताना दिसला की लोक दुसरीकडे बघत, दुकानांच्या फळ्या लागत. हा माणूस मात्र नाही म्हणत नसे. पिंजऱ्यात उभा राहून तो दर वेळी एकाच सुरात सांगे: "आरोपीच्या तोंडाला दारूचा उग्र वास येत होता, डोळे लाल होते, चालताना तोल जात होता." त्याच्या साक्षीवर बरेच जण आत गेले होते. वकील मंडळी त्याला सरकारी नाक म्हणत.

आणि तो माणूस इथे दारात बसून आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेत होता.

मी ताईकडे येऊन तिला सगळे सांगितले. माझा निष्कर्षही सांगितला: हा सापळा आहे. आत बोलायला लावायचे, बाहेर बसून कान द्यायचा आणि मग एक दिवस सगळ्यांना एकदम उचलायचे.

ताई तांदूळ निवडत होती. "आजवर किती जणांना उचललं?"

"अजून कोणाला नाही."

"किती महिने चाललंय?"

"पावसाळ्यापासून, असं कळलं."

"तुला खात्री आहे का तो सापळा आहे म्हणून? पेपरात छापशील?"

"छापण्याइतकी नाही."

"मग माझ्या घरात कशाला छापतोस?" तिने सूप झटकले. "हे जातील. बोलू नका म्हणून सांगते. नुसतं बसायला काय जातंय? आणि तू बाहेर बस. त्या नाकावर लक्ष ठेव."

अशा रीतीने आम्ही दोघे दर रविवारी जाऊ लागलो. भाऊजी दारात वाकत, "आलो" म्हणत आणि आत जाऊन भिंतीशी बसत. मी बाहेर त्या पंचाच्या शेजारी बसे. आतले आवाज तुटक ऐकू येत. कोणी म्हणे, बायकोचे डोरले विकले. कोणी म्हणे, आईच्या दहाव्याला शुद्धीवर नव्हतो. भाऊजींचा आवाज कधी आला नाही. त्यांना मी पंचाबद्दल सांगितले नव्हते. ताईने सांगू दिले नव्हते. तरी ते बोलत नव्हते. कचेरीत ज्याच्या हातून इतरांची प्रकरणे पुढे सरकतात त्याला आपले प्रकरण तोंडाने सांगणे अवघड जात असावे. पण ते पीतही नव्हते. ताईचा चहा सलग होऊ लागला.

पंच पहिले काही रविवार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग एकदा त्याने विचारले, "पेपरवाले, आत काय बोलतात ते तुमी लिवता?"

"नाही."

"मंग आमी काय करतो ते लिवता?"

"तुम्ही काय करता?"

"वास घेतो," तो म्हणाला. "ज्याचा येतो त्याला भाईर बसवतो, आपल्याजवळ. त्या दिवशी त्यानं आयकायचा, बोलायचा नाय. चाचाचा कायदा हाय."

"आणि जमादाराचा कायदा?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी ओळखले आहे हे त्याला आधीपासून माहीत होते. "तो सोडला."

"कधी?"

"इथं आलो तवा."

मी आणखी विचारले आणि तो तुटक उत्तरे देत गेला. तो शिरढोणच्या वाटेवरच्या एका गावचा. मिठागरात काम करी. छाप्यानंतर पकडलेला माल ओतून टाकायच्या आधी जमादार एक डबा बाजूला काढी. "वास घ्यायचा, सई करायची, मंग जमादार म्हनायचा, घसा ओला कर. त्यानं पैशे कदी नाय दिले. डबा दिला." तो हसला नाही. "ज्याच्या तोंडाला वास, त्याची केस. आता माझ्या तोंडाचा वास कोन घेनार? पंच तर मीच."

ते उत्तर चांगले होते. चांगल्या उत्तरांवर मी सहसा विश्वास ठेवत नसे. पुढच्याच गुरुवारी कोर्टात त्याचे नाव पुकारले गेले. तो पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली आणि त्याच सुरात वास, डोळे, तोल सगळे सांगितले. खाली बाकावर जमादार बसला होता. उतरताना दोघांची नजरानजर झाली. मी नेहमीप्रमाणे दोन ओळींची बातमी पाठवली आणि संध्याकाळी ताईकडे गेलो.

"तो खोटं बोलला," मी म्हणालो. "काम सोडलं म्हणाला, आणि आज साक्ष दिली. भाऊजींना आता पाठवू नकोस."

ताई म्हणाली, "त्याला विचारलंस?"

"साक्षीदाराला काय विचारायचं? मी डोळ्यांनी पाहिलं."

"ह्यांनाही मी डोळ्यांनी पाहत होते, इतकी वर्षं. विचारून बघ आधी."

रविवारी मी त्याला सरळ विचारले. तो म्हणाला, "व्हतो कोर्टात. ती केस गणपतीतली. आता शिमगा आला. आजून चार-सा तारखा हायत."

"नाही म्हणायचं. आठवत नाही म्हणायचं. पुष्कळ पंच म्हणतात."

"वास घेतला व्हता, सई केली व्हती. आता नाय कसा म्हनू?"

छापा आणि निकाल यांत महिने जातात, ही गोष्ट कोर्टात बसणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी. ती मला ठाऊक होती. पण आमच्या दैनिकाची पद्धत अशी की बातमीत सुनावणीचा दिवस द्यायचा. छापा कधी पडला ते द्यायचे नाही, जागा जाते. मीही तसेच वाचायला शिकलो होतो. जे गुरुवारी ऐकले ते गुरुवारी घडले, असे.

एवढ्याने माझा संशय गेला असे नाही. उलट तो आता अधिक नेमका झाला. ज्याच्या चार-सहा तारखा अजून बाकी आहेत तो माणूस जमादाराच्या हातातला आहे. तारखेला त्याला जमादारासमोर उभे राहावेच लागणार, आणि जमादार एखादे दिवशी या दाराबद्दल विचारणारच. तेव्हा हा काय करील हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

शिमग्यानंतरच्या एका रविवारी भाऊजी दुपारपासून घरी नव्हते. उरण रस्त्यावरच्या एका गावात कचेरीतल्या शिपायाच्या मुलीची हळद होती. त्या गावांतून हळदीला काय चालते हे सगळ्यांना माहीत होते. दारूबंदीने लग्नाच्या मांडवात कधी पाऊल ठेवले नव्हते. बैठकीच्या वेळेला मी एकटाच कारखान्यात गेलो. थोड्या वेळाने भाऊजी बंदराच्या बाजूने आले. कपाळाला हळद होती. चाल सरळ होती, जरा जास्तच सरळ. ते दारात वाकले आणि म्हणाले, "आलो."

पंच "जा" म्हणाला नाही. त्याने भाऊजींचा हात धरला आणि त्यांना ओंडक्यावर माझ्याशेजारी बसवले. "आज हितं, साहेब."

आत बैठक सुरू झाली. आम्ही तिघे ओळीने बसलो होतो: पंच उंबऱ्यावर, मी आणि भाऊजी ओंडक्यावर. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि जमादार पडवीच्या तोंडाशी उतरला. मागे एक शिपाई होता.

उजेड चांगला होता. पळायला जागा नव्हती, आणि पळण्यासारखे कोणी उठलेही नाही.

"काय रे," जमादार पंचाला म्हणाला, "नवा धंदा?"

"बैठक हाय."

"कसली?"

"न पिनाऱ्यांची."

"न पिणाऱ्यांची!" जमादाराने सायकल चाकांच्या ढिगाला टेकवली. "मग ह्यांचे डोळे कशानं आलेत? कचेरीतले ना तुम्ही?"

भाऊजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. त्या हातांकडे मी पाहिले. ताईच्या दोन मुली, सासू, पायरी, टोपी हे सगळे त्या क्षणी त्या हातांखाली होते. आतले बोलणे थांबले.

"घे वास," जमादार म्हणाला.

पंच उठला नाही. "नाय घेत."

"काय म्हणालास?"

"मी तुमच्यासाटी वास घेत नाय आता."

"दारात बसून काय करतोस मग? येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड हुंगतोस. मला ठाऊक नाही होय?"

"हुंगतो. ते ह्या आतल्यांनी सांगितलं म्हनून. तुमी सांगितलं म्हनून नाय."

जमादार माझ्याकडे वळला. "वार्ताहर, तुम्ही आहात ते बरंच आहे. प्रतिष्ठित पंच. या पुढे."

मी उठून उभा राहिलो. "हे माझे भाऊजी आहेत. सख्ख्या बहिणीचे यजमान. कोर्टात आरोपीचा वकील पहिला प्रश्न नात्याचाच विचारील."

हे खरे होते आणि जमादाराला ते कळत होते. त्याने शिपायाला रस्त्यावर पिटाळले, "दोघं बघून आण, कोणीही." शिपाई गेला. समोरच्या पानवाल्याची फळी लागल्याचा आवाज आला. बंदराकडे निघालेल्या एका गाडीवानाने बैल वळवून दुसरी वाट धरली. शिपाई परत आला तेव्हा एकटाच होता. "रविवार आहे, साहेब," तो म्हणाला.

जमादार लाल झाला. तो पंचासमोर येऊन उभा राहिला. "ऊठ. आता तुझ्याच तोंडाचा पंचनामा. उघड."

पंच उठला. तो जमादारापेक्षा हातभर उंच होता. जरा वाकला आणि दाताच्या डॉक्टरासमोर उघडावे तसे त्याने तोंड उघडले. जमादाराने नाक जवळ नेले. ते काम त्याने आजवर दुसऱ्याकडून करवून घेतलेले होते, त्यामुळे त्याला ते नीट जमत नव्हते. तो एकदम मागे झाला.

"काय खाल्लंस?"

"सुका बोंबील आन कांदा."

खोलीत कोणीतरी हसले. जमादाराने तिकडे पाहिले, मग भाऊजींकडे. कायद्याने त्याला भाऊजींना तिथून डॉक्टरकडे नेता आले असते. त्याने नेले नाही. मी समोर होतो म्हणून असेल. सवयीच्या नाकाशिवाय केस उभी करायची त्याला कल्पनाच नसेल. आणखी काही असेल. मला ते कळलेले नाही. तो सायकल घेत म्हणाला, "तारखा आहेत अजून तुझ्या. तेव्हा भेट."

"येनार," पंच म्हणाला. "ज्याच्यावर सई केली त्याची साक्ष खरीच सांगनार."

जमादार गेल्यावर चाचा बाहेर आले. मी त्यांना म्हणालो, कोणीतरी सांगितल्याशिवाय तो इथे येणार नाही. ते कोण, हे शोधायला हवे. आतल्यांपैकी असू शकेल.

"शोधा," चाचा म्हणाले. "पण साहेब, बाहेर बसून शोधा. आत शोधायला लागलो की प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघणार. मग स्वतःचं कोण बघणार?" आणि ते आत जाऊन म्हणाले, "हां भाई, कोण बोलत होतं? पुढं बोल."

बैठक सुटल्यावर आम्ही घरी परतलो. ताई पायरीवर होती. तिने टोपीसाठी हात पुढे केला. भाऊजींनी स्वतःच टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

"आज घेतलीय," ते म्हणाले. "हळदीला गेलो होतो तिथं. तू वास घेऊ नकोस."

ताईचा हात तसाच राहिला. "आणि?"

"आणि जमादार आला होता."

राहिलेले मी सांगितले, जसे घडले त्या क्रमाने. सांगून झाल्यावर तिने भाऊजींच्या कपाळावरच्या हळदीकडे पाहिले, मग आत वळली.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

जमादार कोणाच्या सांगण्यावरून आला होता, हे मी पुढे पुष्कळ दिवस शोधत होतो. बैठकीतल्या प्रत्येकावर मी आळीपाळीने संशय घेऊन पाहिला. मासळीवालीच्या नवऱ्यावर घेतला, चाकवाल्यावर घेतला, एकदा तर चाचांवरही. छापण्याइतके काही कधी हाती आले नाही. जमादाराची पुढे बदली झाली. पंचाने आपल्या तारखा पुऱ्या केल्या आणि त्यानंतर कोर्टात त्याचे नाव पुकारलेले मी ऐकले नाही. भाऊजींचा पाय नंतरही घसरला, एकदा त्यांची आई गेली तेव्हा आणि एकदा काहीच कारण नसताना. दोन्ही वेळा ते स्वतः जाऊन ओंडक्यावर बसले. नोकरी त्यांनी शेवटपर्यंत केली. कायदा सैल झाला आणि परवाने सहज मिळू लागले तरी बैठक चालू होती.

पण मला सांगायचे आहे ते जमादार येऊन गेल्यानंतरच्या रविवारचे. त्या दिवशी आम्ही वेळेआधी पोहोचलो. भाऊजी दारात वाकले, "आलो" म्हणाले आणि पंच म्हणाला, "जा." भाऊजी गेले नाहीत. तिथेच थांबून ते हळू आवाजात त्याला काहीतरी म्हणाले. त्याने मान हलवली. मग ते आत गेले आणि या वेळी भिंतीशी बसले नाहीत, मधे बसले.

मी ओंडक्यावर बसायला निघालो तसा पंच म्हणाला, "पेपरवाले, आज तुमी जरा तळ्याकडं फिरून या."

"का?"

"तुमचे भावजी बोलनार हायत."

"मग मी ऐकलं तर काय बिघडलं? मी त्यांच्या घरचा आहे."

"म्हनूनच."

मी निघालो. रस्त्याला लागेपर्यंत माझ्या मनात नेहमीचे सगळे येऊन गेले. मला दूर का केले? ठरवून केले का? भाऊजी काय सांगणार आहेत जे ताईच्या भावाने ऐकू नये, आणि जे कोर्टात इतकी वर्षे साक्ष दिलेल्या माणसाने मात्र ऐकलेले चालते? वळणावर मी थांबलो. तिथून कारखान्याची पडवी दिसत होती. ऐकू काही येत नव्हते. उंबऱ्यावर बाहेर तोंड करून तो बसला होता. त्याने मला पाहिले आणि हात वर करून हलवला: आणखी पुढे.

मी आणखी पुढे गेलो. तळ्याच्या काठाने फिरून परत आलो तोवर बैठक संपली होती. भाऊजी पडवीत उभे राहून चाकवाल्याशी बाभळीच्या लाकडाच्या भावाबद्दल बोलत होते. त्यांचे डोळे लाल होते. मी सवयीने जवळ गेलो, आणि मग जरा मागे सरून उभा राहिलो.

पायरीवर ताईने मला विचारले, "बोलले?"

"बोलले."

"काय बोलले?"

"माहीत नाही. मला ऐकू दिलं नाही."

मी वाट पाहत होतो की ती चिडेल. मला त्या दारात तिनेच बसवले होते. ती भाऊजींकडे बघत होती. ते अंगणात पायांवर पाणी घेत होते.

"बरं केलं त्यानं," ताई म्हणाली, आणि पायरीवरून बाजूला झाली.